हलकी सायकल, रिम ब्रेक आणि ३२चा टायर: तिन्ही एकत्र मिळेल का?

चढउतार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सायकल विभागाचा बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिलाच. चूकभूल द्यावी घ्यावी.

सध्याची सायकल ॲल्युमिनियमची, बारा वर्षांची, ९.४ किलो, टायर २३ मिमी रुंदीचे. तिच्यावर २००, ३०० आणि ४०० किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) व्यवस्थित झाल्या. ६००ला ४० तासांची मुदत असते. त्यातले शेवटचे दहा तास माझ्या मनगटांनी जो संप पुकारला, तो अजून आठवतो. रस्त्याला खड्डे नव्हते. नुसता खरखरीत होता, डांबर झिजून खडी वर आलेला. पण २३च्या टायरवर १२० पीएसआय हवा भरून अशा रस्त्यावर रात्रभर बसलं की माणूस दळून निघतो.

म्हणून आता नवी घ्यायची, म्हणजे नवी किंवा वापरलेली, हरकत नाही. रिम ब्रेकच हवेत, म्हणजे चाकाच्या रिंगेला गुटके दाबून थांबवणारे. माझ्याकडे चाकांच्या दोन चांगल्या जोड्या आहेत, त्यातली एक मी स्वतः तारा ओवून विणली आहे, आणि सायकल खोक्यात भरून नेणं वरचेवर होतं. वजन पायडलसकट आठ किलोच्या आसपास, कारण मला घाट चढायला आवडतात आणि चढताना मी फार चिडका असतो. टायर ३०चा तरी बसावा, ३२ बसला तर सोन्याहून पिवळं.

गेले तीन महिने शोधतोय. हलकी मिळते ती २५ वर अडते, ३२ घेणारी मिळते तिला डिस्क ब्रेक असतात (रिंगेऐवजी हबजवळच्या चकतीला धरणारे). जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेवटचा_गिअर

डिस्क घ्या की. (राहवलं नाही, माफी.)

आता गंभीरपणे. डिस्कच्या सायकलीत टायरच्या डोक्यावर ब्रेकची कमानच नसते, म्हणून ३२ ते ३५ आज सर्रास बसतो. रिम ब्रेकचं दुकान बंद होत आलंय. २०२१ला ड्युरा-एस ९२०० हा वरच्या दर्जाचा गिअरसंच आला तेव्हा शिमानोने रिम ब्रेकचा पर्याय ठेवला होता. पण त्यानंतरचा बारा गिअरचा १०५ फक्त डिस्कमध्ये आहे, स्रॅमचा रायव्हल एएक्सएसही तसाच. दहा वर्षांनी सुटे भाग शोधत फिरणार का?

चढउतार

सुटे भाग म्हणजे काय हो? ब्रेकचे गुटके, केबल आणि रिंग. ते मिळत राहतील एवढा विश्वास आहे. आणि २०२०ची टूर द फ्रान्स पोगाचारने रिम ब्रेकवरच जिंकली ना? मला तर फक्त मुदतीत पोचायचंय.

शेवटचा_गिअर

जिंकली खरी. पण त्याचे टायर ३२ नव्हते.

पानाकाका

शेवटच्या गिअरने चेष्टेत जे सांगितलं तोच प्रश्नाचा गाभा आहे. रिम ब्रेकच्या सायकलीत टायर किती रुंद बसेल हे फ्रेम एकटी ठरवत नाही, ब्रेकची कमान ठरवते. आणि त्या कमानीचं माप कुठल्याच जाहिरातीत छापलेलं नसतं.

ब्रेकला 'रीच' असतो. चिमट्यातून (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमधून) जाणारा ब्रेकचा बोल्ट, त्याच्या मध्यापासून रिंगेवर गुटका जिथे लागतो त्या पट्ट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे रीच. नेहमीच्या रोड कॅलिपरचा, म्हणजे कमानीच्या ब्रेकचा, रीच ३९ ते ४९ मिमी. म्हणजे गुटका त्याच्या खाचेत वर-खाली सरकवून या दहा मिमीत कुठेही बसवता येतो. यापुढचा मधला रीच, ४७ ते ५७. त्याहून लांब ५५ ते ७३.

आता गंमत बघा. दोन सायकली, दोन्हींवर तोच कॅलिपर. एका फ्रेमवर गुटका खाचेत अगदी वर, ४१ वर बसलाय. दुसरीवर अगदी तळाला, ४९ वर. दुसऱ्या सायकलीत कमान आणि रिंग यांच्यात आठ मिमी जागा जास्त आहे! जाहिरातीत दोन्हींना 'रोड फ्रेम, रिम ब्रेक' एवढंच लिहिलेलं असेल. म्हणून वापरलेल्या सायकलीचा फोटो बघताना रंग नका बघू, गुटके बघा. खाचेच्या तळाला दिसले तर पुढचा फोन करा. वरच्या टोकाला दिसले तर पान उलटा.

तुम्हाला ३२ खरोखर हवा असेल तर ३९–४९च्या नादी लागू नका. ४७–५७साठी बांधलेली फ्रेम शोधा. अशा फ्रेम कमी आहेत, पण आहेत, आणि त्या सगळ्याच लोखंडी धूड नाहीत.

अर्धा_स्पोक

काका, बेसिक प्रश्न. टायरवर ७००×२८ लिहिलंय म्हणजे तो २८ मिमी रुंद आणि २८ मिमी उंच का?

मोजपट्टी

काकांच्या आधी मी उत्तर देतो, माझा आवडता विषय आहे.

लिहिलेला आकडा हा टायरचा आणि रिंगेचा संसार आहे. तोच २८चा टायर आतून १५ मिमी रुंदीच्या जुन्या रिंगेवर २७च्या आसपास भरतो, आतून १९च्या रिंगेवर २९, आणि २१च्या रिंगेवर ३०ला टेकतो. हवा भरून दोन दिवस ठेवला की आणखी थोडा सैलावतो. त्यामुळे 'माझ्या सायकलीत २८ बसतो' हे वाक्य रिंगेची आतली रुंदी सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. व्हर्नियर कॅलिपर (मोजायचा, ब्रेकचा नव्हे) घ्या. सायकलवाल्याच्या घरात तो नसणं म्हणजे शिंप्याकडे टेप नसण्यासारखं.

उंचीचं उत्तर: ढोबळमानाने हो. ७००सी रिंगेत टायरची कड जिथे बसते त्या वर्तुळाचा व्यास ६२२ मिमी, म्हणजे त्रिज्या ३११. टायरची उंची जवळपास रुंदीएवढीच त्यावर मिळवायची. गुटक्याचा पट्टाही साधारण त्या ३११च्याच पातळीला असतो. म्हणून काकांच्या रीचवरून सरळ हिशेब करता येतो. माझ्याकडच्या कॅलिपरच्या कमानीची खालची कड बोल्टच्या मध्यापासून १२ मिमी खाली येते (प्रत्येक मॉडेलचं वेगळं, आपापलं मोजा). रीच ४३ असेल तर ४३ वजा १२, म्हणजे टायरला उभी जागा ३१. त्यात वर तीन-चार मिमी मोकळे सोडायचे. म्हणजे खरा २७–२८ संपला. रीच ४९ असेल तर जागा ३७, खरा ३२ उभा बसतो, आडवा बसेल का ते वेगळं बघायचं. रीच ५३ असेल तर ४१, तिथे उंचीची काळजीच नाही.

अर्धा_स्पोक

दंडवत. वाचनखूण साठवली.

सावलीतली

उंचीबद्दल झालं, आता रुंदीबद्दल बोला की. मी उंचीचा हिशेब करून एक फ्रेम घेतली होती. पुढे ३२ छान बसला, मागे बसेना. अडला कुठे? ब्रेकपाशी नाही. खाली, बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या आसाच्या) मागे, चेनस्टेच्या म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांच्या मध्ये. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी. स्टँडवर फिरवलं तर घासत नव्हतं, म्हणून मी खूश. पहिल्याच चढावर उभी राहून पायडल मारलं आणि खर्रर्र. चाक वाकतं, फ्रेम वाकते, दीड मिमी म्हणजे काहीच नाही. दोन राइडमध्ये नळीचा रंग गेला होता.

तेव्हापासून चार मिमीची ॲलन की घेऊनच फ्रेम बघायला जाते. टायर आणि फ्रेम यांच्यात ती सगळीकडून फिरली पाहिजे: चेनस्टेपाशी, सीटट्यूबपाशी, मागच्या ब्रिजखाली, चिमट्याच्या आत दोन्ही बाजूंनी आणि ब्रेकच्या दोन्ही हातांपाशी. एका ठिकाणी जरी अडली तरी तो टायर त्या सायकलीचा नाही. चिकट मातीत फिरणार असाल तर सहाची की न्या.

पानाकाका

सावलीतली, शाब्बास. चार मिमी हेच माझंही माप. टायरला खडा चिकटून येतो, रिंगेला मिमीभर आऊट (वाकडेपणा) येतो, रस्त्यात तार तुटली तर तीन मिमीसुद्धा येतो. ती जागा आधीपासून असली तर घरी पोचता.

तेलकट_हात

एवढं कशाला? कॅलिपरच्या कमानीची खालची बाजू कानशीने दोन मिमी घासा. मी केलंय. २५ची सायकल २८ची झाली.

पानाकाका

नका करू आणि दुसऱ्यांना सांगूही नका. ब्रेक दाबल्यावर सगळा ताण त्या कमानीतूनच जातो. फोर्जिंग केलेला भाग, त्यावर कानशीचे ओरखडे, आणि त्यातून सुरू होणारी चीर तुम्हाला दिसणार नाही, उतारावर कळेल. घासायचीच असेल हौस तर मडगार्ड घासा. कार्बनच्या चिमट्याला आतून पॉलिश पेपर मारणाऱ्यांनाही हेच उत्तर.

तेलकट_हात

बरं बरं. चार वर्षं झाली, अजून शाबूत आहे. पण ठीक आहे, बदलतो.

चढउतार

काका, मोजपट्टी, सावलीतली, खूप आभार. मग आता पर्याय कोणते? मला तीन दिसतात. ४७–५७ रीचची फ्रेम. कँटिलिव्हर ब्रेकची (रिंगेच्या दोन्ही बाजूंना सुटे हात असलेल्या) जुनी सायक्लोक्रॉस फ्रेम, म्हणजे चिखलातल्या शर्यतीची. आणि डायरेक्ट माउंट ब्रेकची एन्ड्युरन्स कार्बन फ्रेम, जी वजनाला सगळ्यात हलकी. एकाने ६५०बी ही जरा लहान व्यासाची चाकं लावायलाही सुचवलं.

सावलीतली

सायक्लोक्रॉसचं मी सांगते, गेली तीन वर्षं तीच चालवतेय. यूसीआयच्या (सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) शर्यतीत क्रॉसला ३३ मिमीची मर्यादा असते. म्हणजे फ्रेम ३३ आणि वर चिखल एवढ्या जागेसाठीच बांधलेली. क्रॉसमध्ये डिस्कला परवानगी २०१०ला मिळाली. त्याच्या आगेमागे बनलेल्या चांगल्या कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या कँटिलिव्हर फ्रेम आज कोणाला नको असतात, त्यामुळे अगदी हलक्या फ्रेमही पडून आहेत. मागच्या हबची जागा बहुतेकांत १३० मिमी, म्हणजे तुमची रोडची चाकं जशीच्या तशी बसतील. हा मुद्दा तुमच्यासाठी मोठा आहे.

आता खोड्या. पुढचा कँटिलिव्हर थरथरतो. ब्रेक दाबला की चिमटा मागे वाकतो. केबल हेडसेटपाशी (वर, हँडलच्या बेअरिंगजवळ) अडकवलेली असेल तर त्या वाकण्याने ती आणखी ताणली जाते, ब्रेक आणखी आवळतो, चिमटा सुटतो, पुन्हा वाकतो. उतारावर हँडल असं हलतं की वाटतं भूकंप झाला. उपाय दोन. केबलचा हँगर चिमट्याच्या क्राउनवर (डोक्यावर) बसवायचा, किंवा सरळ मिनी व्ही (आखूड हातांचे व्ही ब्रेक) लावायचे. मी टीआरपीचे ८४ मिमी हाताचे मिनी व्ही लावले. रोडच्या लिव्हरला चालतात. नेहमीचे लांब हाताचे व्ही ब्रेक मात्र चालत नाहीत, रोड लिव्हर तेवढी केबल ओढतच नाही. मिनी व्हीमध्ये गुटके रिंगेच्या फार जवळ ठेवावे लागतात, चाकाला जरा आऊट आला की लागले घासायला. तुम्ही स्वतः चाक विणता म्हणजे हे तुम्हाला जड नाही.

आणि हो, खऱ्या शर्यतीच्या क्रॉस फ्रेमला बाटलीचे बोल्ट नसतात काही वेळा. ६०० किमीला हे आधी बघा, मग घ्या!

शेवटचा_गिअर

वळायला कशी आहे ती? क्रॉस फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट उंच असतो ना?

सावलीतली

जुन्यांचा असतो, सेंटीमीटरभर. पहिला आठवडा जाणवलं, नंतर विसरले. चेनस्टे लांब असतात, त्यामुळे उतारावर ती शांत चालते. उभं राहून चढताना मात्र रोडसारखी उसळत नाही. धागाकर्ते चढावर चिडके आहेत म्हणे, त्यांनी एकदा चालवून बघावी.

पानाकाका

डायरेक्ट माउंटबद्दल. दोन बोल्टचा ब्रेक, एका ऐवजी दोन ठिकाणी फ्रेमला धरलेला. दाबायला सुंदर, मजबूत. ड्युरा-एस ९०००च्या काळात आला आणि पाच-सात वर्षं वरच्या फळीच्या फ्रेमवर राहिला. पण त्याचं माप जवळपास ठरलेलं असतं. मधल्या रीचचा डायरेक्ट माउंट सहसा मिळत नाही. फ्रेमवाल्याने २८ म्हटलं की २८, त्यापुढे रस्ता बंद. आणि काही फ्रेममध्ये मागचा ब्रेक बॉटम ब्रॅकेटच्या खाली टांगलेला असतो. तिथे सगळी घाण येऊन बसते, आणि गुटका बदलायला सायकल उलटी करावी लागते. तशी फ्रेम असेल तर माझ्यालेखी तिथेच फुली.

६५०बीचं सांगतो आणि सोडून देतो. त्या रिंगेचा व्यास ५८४, म्हणजे त्रिज्या १९ मिमीने कमी. गुटका १९ मिमी खाली न्यावा लागतो. ४३ रीचच्या फ्रेमला ६२ लागतो, म्हणजे ५५–७३वाले लांब ब्रेक आले. सायकल खाली बसत नाही, कारण ४२चा टायर लावला की बाहेरची त्रिज्या ३३४ होते आणि ७००×२५ची ३३६ असते. हिशेब सुरेख जमतो. पण तुमच्या चाकांच्या दोन्ही जोड्या अडगळीत जातील, मग एवढा खटाटोप कशाला?

चढउतार

बाद. माझं विणलेलं चाक मी सोडणार नाही.

मग मधला रीच. पण त्यात हलकी फ्रेम असते का?

पानाकाका

असते. ब्रिटनमध्ये क्लबचे लोक हिवाळ्यात मडगार्ड लावून सराव करतात. त्यासाठी तिथे '५७ ड्रॉप' (ड्रॉप म्हणजे रीचच) नावाची एक जातच आहे. किनेसिसची रेसलाइट टी२ घ्या, ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा चिमटा, ५७चे कॅलिपर. मडगार्डसाठी ठेवलेली जागा मडगार्ड काढलं की टायरच्या वाट्याला येते. पोलादात काँडोर फ्रातेल्लो त्याच वळणाची. अमेरिकेत सर्ली पेसर, ब्लॅक माउंटनची रोड, रिव्हेंडेलची रोडिओ. रिची रोड लॉजिकही चांगली, पण तिची हद्द ३०. ती नेहमीच्या रीचमध्येच जेवढी ताणता येईल तेवढी ताणलेली फ्रेम आहे. ३० वर समाधान असेल तर या सगळ्यांत चढायला मला तीच आवडेल.

ब्रेकसाठी टीआरपी आरजी९५७ किंवा टेक्ट्रो आर५३९. शिमानोचा आर६५० वापरलेला मिळाला तर सोडू नका. फक्त लिव्हर कुठल्या पिढीची ते बघा. ड्युरा-एस ७९००पासून शिमानोच्या लिव्हर पूर्वीपेक्षा जास्त केबल ओढतात. अशी नवी लिव्हर आणि जुन्या मापाचा कॅलिपर जोडला की दाबायला घट्ट, दगडासारखा, पण ताकद कमी. थांबतो, पण बोटं दुखतात. लांब हाताच्या कॅलिपरमध्ये आधीच थोडी लवचीकता जास्त असते, त्यात ही भर. चांगले गुटके आणि न दबणारं केबलचं आवरण लावलं तर बराच फरक पडतो. ओल्या रस्त्यासाठी कूल-स्टॉपचे सामन रंगाचे गुटके, त्यावर मी वाद घालत नाही.

मोजपट्टी

वजनाचं काम माझं. सगळे भाग वेगवेगळे तोलून बघितले आहेत, आकडे ढोबळ, ग्रॅममध्ये.

चाकं १५००, गिअरचा सगळा संच ब्रेकसकट २४००, हँडल-स्टेम-टेप ६५०, सीट आणि सीटपोस्ट ४२०, पायडल २६०, बाटलीचे पिंजरे आणि किरकोळ १२०. टायर-ट्यूब सोडून ५३५० झाले. यात बहुतेक रिम ब्रेकवाले सारखेच.

आता कार्बनची फ्रेम १०००, चिमटा ३७०. एकूण ६७२०. पोलादाची चांगली फ्रेम १८५०, कार्बनचा चिमटा ४००. एकूण ७६००. फरक ८८० ग्रॅम. चिमटाही पोलादाचा घेतला तर आणखी साडेतीनशे वाढवा.

टायर: २५चा चांगला टायर २२० ग्रॅम, ३२चा २९० धरा. दोन्ही मिळून फक्त १४० ग्रॅम वाढले. ट्यूबमध्ये ते परत मिळतात: ब्युटाइलची (नेहमीची रबरी) १०० ग्रॅमची, टीपीयूची (पातळ प्लास्टिकची) ४०ची. दोन ट्यूब बदलल्या की १२० ग्रॅम वसूल. म्हणजे पोलादाच्या फ्रेमवर ३२चे टायर आणि टीपीयू ट्यूब धरून ८.२–८.३ किलो. धागाकर्त्यांच्या 'आठच्या आसपास'मध्ये बसतंय का ते त्यांनी ठरवावं. माझ्या मते बसतं. सीटखालच्या पिशवीत आपण काय काय कोंबतो ते आधी तोला.

टीपीयूबद्दल एक इशारा. रिम ब्रेकने रिंग तापते. काही अतिहलक्या टीपीयू ट्यूबवर 'फक्त डिस्कसाठी' असं लिहिलेलं असतं, ते गंमत म्हणून नसतं. लॅटेक्सची ट्यूब आणि कार्बनची रिंग ही जोडी लांब उतारावर तर नकोच.

चढउतार

माझ्या दोन्ही जोड्या ॲल्युमिनियमच्या आहेत, एक एचईडी बेल्जियम प्लस, बाहेरून २५ मिमी रुंद. दुसरी जुनी, बाहेरून १९.

मोजपट्टी

मग आधी सांगायचंत! २५ची रिंग असेल तर आत वीसच्या वर रुंदी आली. त्यावर '३०' लिहिलेला टायर जवळपास ३१–३२ भरेल. तुम्हाला ३२चा टायर विकतच घ्यायला नको. ३०चा घ्या, खरा माप ३२च्या जवळ, वजन कमी, आणि टायरचा आकार रिंगेवर छान सरळ बसतो. १९च्या रिंगेवर मात्र तो दिव्यासारखा फुगलेला दिसेल. शिवाय दोन जोड्या आलटून पालटून वापरताना गुटक्यांमधलं अंतर सहा मिमीने बदलावं लागणार. प्रत्येक वेळी केबल सोडा, केबल बांधा. एका जोडीला निवृत्त करा.

आणि हवा! १२० पीएसआय विसरा. फ्रँक बर्टो यांचा जुना आडाखा असा की भार पडल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्के दबावी. मी ७२ किलोचा, खऱ्या ३१ वर पुढे ५५ आणि मागे ६२ भरतो. तुमच्या मनगटांच्या संपावर अर्धा तोडगा इथेच आहे.

शेवटचा_गिअर

एक अडचण कोणीच सांगितली नाही, म्हणून डिस्कवाला सांगतो. ३१चा टायर गुटक्यांच्या मधून बाहेर काढणार कसा? रिंग २५, टायर ३१.

पानाकाका

पकडलंत. शिमानोच्या कॅलिपरवरची ब्रेक सैल करायची खटकी उघडली की थोडी जागा होते, पण गुटके जवळ लावले असतील तर ३१ला पुरत नाही. हवा सोडून चाक काढायचं आणि घालायचं, किंवा केबलमध्ये मध्येच एक ॲडजस्टर बसवून तो ढिला करायचा. कॅम्पॅग्नोलोवाल्यांची खटकी लिव्हरवर असते. पंक्चरच्या वेळी हवा आधीच गेलेली असते, त्यामुळे काढताना प्रश्न नाही. प्रश्न घालताना. चाक आधी घाला, हवा नंतर भरा.

अवांतर: मी अंधारात, पावसात, पूर्ण हवा भरून मग चाक घालायला गेलो आहे. तीनदा. वय झालं की शहाणपण येतं म्हणतात, तसं काही नाही.

चढउतार (तीन आठवड्यांनी)

अपडेट देतो. दोन सायकली बघितल्या. दोन्ही वापरलेल्या.

पहिली कार्बनची, डायरेक्ट माउंट, काट्यावर ७.१. फोटोत बघून मी प्रेमात पडलो होतो. विकणाऱ्याने सांगितलं '२८ आरामात'. माझं बेल्जियम प्लसचं चाक २८चा टायर लावून सोबत नेलं होतं, व्हर्नियरवर २९.६. पुढे चारची की फिरली. मागे चेनस्टेपाशी डाव्या बाजूला फिरली, उजव्या बाजूला अडकली. मी चाक काढून उलटं लावून बघितलं, म्हणजे आऊट चाकात आहे की फ्रेममध्ये ते कळावं. तरी उजवीकडेच अडली. म्हणजे फ्रेमच किंचित तिरकी. विकणारा म्हणाला, 'एवढं कोण बघतं?' मी सावलीतलींचं मनातल्या मनात आभार मानून निघालो.

दुसरी पोलादाची, कार्बनचा चिमटा, ४७–५७चे ब्रेक. गुटके पुढे ५२ वर, मागे ५४ वर. ३०चा टायर, व्हर्नियरवर ३१.३. चारची की सगळीकडून गेली, पुढे तर सहाचीही गेली. माझी चाकं, माझी सीट, माझे पायडल लावून ८.३५ किलो. एक चढ चालवून बघितला. कार्बनवाली जितकी उसळली तितकी ही नाही उसळली, हे कबूल. पण उतरताना त्याच खरखरीत रस्त्यावर मी हात ढिले सोडून बसलो होतो, हे परत आल्यावर लक्षात आलं.

पोलादाची घेतली.

दोन तक्रारी. पुढचा ब्रेक किंचाळतो. आणि सायकलचा मीटर पूर्वीपेक्षा कमी अंतर दाखवतोय, नेहमीच्या ४० किमीच्या फेरीत जवळजवळ एक किमी खातो.

मोजपट्टी

मीटरमध्ये अजून जुन्या टायरचा परीघ असणार. ७००×२३ला २०९६ मिमी, ३०ला २१४६ धरतात. चाकाच्या प्रत्येक फेरीला ५० मिमी, म्हणजे ४० किमीला सुमारे नऊशे तीस मीटर. आकडा बदला. खरं तर खडूची खूण करून एक फेरी जमिनीवर मोजा, स्वतः सायकलीवर बसून, म्हणजे टायर दबलेला असेल.

पानाकाका

किंचाळण्यासाठी गुटक्याचं पुढचं टोक रिंगेला आधी लागेल असं अर्धा-एक मिमी तिरकं करा. मागच्या टोकाखाली जाडसर पुठ्ठा ठेवून ब्रेक दाबा आणि तसाच बोल्ट आवळा. रिंगही स्पिरिटने पुसा. वापरलेल्या ब्रेकबरोबर आलेले गुटके असतील तर ते फेकूनच द्या, कडक झालेले असतात.

आणि त्या कार्बनवाल्याचं ऐकून वाईट वाटलं, पण तिरकी फ्रेम कितीही हलकी असली तरी नको.

सावलीतली

अभिनंदन! बाटलीचे बोल्ट आहेत ना?

चढउतार

तीन जागी आहेत. तेच सगळ्यात आधी बघितलं.

शेवटचा_गिअर

अभिनंदन. पावसाळ्यानंतर रिंगेची झीज दाखवणारी खाच बघत जा. ती गायब झाली की विणलेलं चाक पुन्हा विणावं लागेल. तेव्हा मी पुन्हा या धाग्यावर येईन आणि एकच वाक्य लिहीन.

अर्धा_स्पोक

मंडळी, मी आज माझ्या सायकलीचा रीच मोजला. पुढे ४१, मागे ४०. गुटके खाचेत पार वर आहेत. ३९–४९चा कॅलिपर. म्हणजे माझ्यात २८ नाहीच का?

पानाकाका

मोजपट्टीच्या हिशेबाने उभी जागा २८–२९. त्यात २५चाच. आता हवा किती भरतोस?

अर्धा_स्पोक

११०. टायरवर जास्तीत जास्त १२० लिहिलंय म्हणून.

पानाकाका

वजन किती तुझं?

अर्धा_स्पोक

५८.

पानाकाका

उद्या मागे ७५, पुढे ७० भरून नेहमीच्या रस्त्यावर जा. फ्रेम नंतर शोधू.